धुऱ्यावरून, पाळीवरून : रामपायलीच्या आसमंतातील पायवाटा

भाताच्या मुलखात पायी हिंडू इच्छिणाऱ्याला वाट वेगळी शोधावी लागत नाही. पाणी अडवावे, वळवावे आणि आपसांत वाटून घ्यावे म्हणून तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी माती उचलली, तिचे कोठे धुरे झाले, कोठे तलावांच्या पाळी झाल्या, कोठे पाटांचे काठ झाले, आणि त्याच उंचवट्यांवरून, पाय कोरडे ठेवून, माणसे शेतावर, बाजाराला, देवदर्शनाला आणि सोयरिकी जुळवायला जात राहिली. बालाघाट जिल्ह्याच्या वारासिवनी तहसिलीतील, चंदन नदीच्या काठचे रामपायली हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे, किंबहुना चालून पाहण्यासारखे आहे असे माझे अनेक वर्षांचे मत असून, यंदाच्या दिवाळीनंतर दोन-चार वाचकांनी तरी तिकडची वाट धरावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

मराठी माणसाला हिंडण्याची हौस नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती हौस सह्याद्रीच्या कड्यांशी आणि किल्ल्यांच्या बुरुजांशी अशी जखडली गेली आहे की पूर्वेकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात, जेथे झाडीपट्टीचा मुलूख महाराष्ट्राची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात शिरतो, तेथे पाहण्याजोगे काही असेल अशी कल्पनाही बहुतेकांच्या मनाला शिवत नाही. चढ नाही, सुळका नाही, सर करण्याजोगे शिखर नाही, म्हणून तेथे चालण्यात पुरुषार्थ नाही, असा हा समज आहे. आणि तो मला सर्वस्वी अन्यायाचा वाटतो. चढावर माणसाचे अर्धे लक्ष श्वासाकडे आणि अर्धे पायाखालच्या दगडाकडे असते. सपाटीवर ते सगळेच्या सगळे आजूबाजूला देता येते, आणि साठी उलटलेला गृहस्थ व आठ वर्षांचा नातू यांना बरोबरीने, गप्पा मारत चालता येईल अशा वाटा आपल्या भाषेच्या मुलखात याहून अधिक सुखद कोठे असतील, असे मला वाटत नाही.

इतिहासाचे ऋण एका परिच्छेदात फेडतो. हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढल्याच वर्षी त्यांचे राज्य खालसा झाले. १८६७ पासून भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र जोडून बालाघाट जिल्हा घडविण्यात आला आणि १९०७ साली सी. ई. लो यांनी त्याचे गॅझेटियर सिद्ध केले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार विद्यार्थिदशेत रामपायलीस आपल्या काकांकडे येत असत, आणि १९०८ च्या दसऱ्याला त्यांनी येथे केलेल्या भाषणाची हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. घरातली मराठी आणि पोवारी मात्र त्या हद्दीने अडली नाही.

पहिली वाट नदीची. गावचे राममंदिर चंदनच्या काठी आहे. वनवासी वेषातील श्रीराम आणि शेजारी सीतामाई, अशी तेथील मूर्तींची ख्याती असून, विराध राक्षसाच्या भयाने व्याकूळ झालेल्या सीतेला येथे रामाने धीर दिला असे गावकरी श्रद्धेने सांगतात. कार्तिकी पौर्णिमेला येथे मोठी जत्रा भरते. मंदिरातून निघून नदीच्या कडेकडेने प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला चालू लागावे. दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरून एका अंगाला गेलेले असते आणि मधली वाळू ओली, घट्ट, पाय न रुतणारी झालेली असते. खंड्या, धोबी आणि टिटवी ही मंडळी सोबतीला असतातच. पण माझे लक्ष नेहमी काठाच्या उभ्या कापाकडे जाते, कारण या मुलखाच्या मातीचे थर तेथे उघडे पडलेले असतात, आणि जी माती आपण पुढे धुऱ्यांवरून तुडविणार तिची आगाऊ ओळख तेथे होऊन जाते. काळी कन्हार, तिच्याहून हलकी मोरंड, पिवळसर रेताड सिहार आणि मुरमाड बरडी, अशी जमिनीची प्रतवारी जुन्या बंदोबस्ताच्या दप्तरांतून आलेली आहे आणि शेतकऱ्यांच्या तोंडी आजही तीच आहे. यांतली सिहार दिसायला दरिद्री, परंतु ओली करून दाबली आणि वाळली की दगडासारखी घट्ट बसणारी. तिचा धुरा उभा राहतो, पाणी धरून ठेवतो आणि माणसाचे वजन सहज पेलतो. कन्हारीचा धुरा उन्हाळ्यात भेगाळतो व पावसाळ्यात चपलेला चिकटून बसतो. तेव्हा चालणाऱ्याने, माझे ऐकावे तर, सिहारीची बाजू धरावी.

दुसरी वाट बांध्यांतून जाते. धुऱ्यांनी चहूबाजूंनी वेढलेल्या भातखाचराला इकडे बांधी म्हणतात. आषाढात रोवणीच्या वेळी या धुऱ्यांवरून पऱ्ह्यांच्या जुड्या डोक्यावर घेतलेल्या बायांची रांग चाललेली असते, आणि त्या वेळी पाहुण्याने मुकाट्याने बाजूला उभे राहून त्यांना वाट द्यावी हे उत्तम. हिंडायचे ते आश्विन-कार्तिकात. या भागात चिन्नोर हा सुवासिक भात परंपरेने होतो. २०२१ साली बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळाले. लोंबी पिकू लागल्यावर सकाळचे दव उडण्याच्या वेळेस चिन्नोरच्या बांधीजवळून गेले असता उभ्या पिकाचाच सुगंध येतो, आणि डोळे मिटूनही आपण चिन्नोरची बांधी ओलांडून साध्या धानाच्या बांधीशी आलो हे कळते.

आता मी माझ्या आवडत्या विषयाशी येऊन पोहोचलो आहे, आणि तो आहे तलाव. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत, ही गोष्ट आता वर्तमानपत्रांतून बरीच येते. परंतु ही तलावांची संस्कृती राज्याच्या सीमेपाशी थांबत नाही, रामपायली-वारासिवनीच्या पंचक्रोशीतही लहानमोठे तलाव व बोड्या गावोगाव आहेत, हे सांगणारे थोडेच. या विद्येचे मोठे जाणकार म्हणजे कोहळी आणि पोवार. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण असल्याची परंपरा आहे. आणि पोवारांनी भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत कामगिरी बजावली म्हणून त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यात जमिनी मिळाल्या, असे आर. व्ही. रसेल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात नमूद केले आहे. भात पिकविण्याच्या कामी पाण्याची योजना करावी ती पोवारांनीच, ही त्यांची कीर्ती इंग्रज अंमलदारांच्या लेखनात जागोजाग आढळते.

तलावाच्या जागेची निवडच मुळी चालणाऱ्या माणसाने केलेली असते. बरडावरून पावसाचे पाणी कोठून कोठे वाहते, कोणत्या दोन उंचवट्यांमधली जागा अरुंद आहे, कमीत कमी माती टाकून अधिकात अधिक पाणी कोठे तुंबेल, हे दुर्बीण आणि नकाशा हाताशी नसताना त्या लोकांनी पायांनी आणि पावसाळ्यातल्या निरीक्षणाने ठरविले. पाळ बहुधा सरळ नसते. जमिनीच्या मूळ चढउताराला मान देत ती किंचित वाकत जाते, आणि तिच्यावरून चालताना एका हाताला कमळांनी व शिंगाड्यांनी भरलेले पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली पसरलेल्या बांध्या, असे दोन वेगळे देखावे सारखे दिसत राहतात. पाळीवर अर्जुन, आंबा, चिंच ही झाडे असतात. जादा पाणी बाहेर जाण्याची जी वाट, तिला सलंग म्हणतात, आणि ती पाळीच्या टोकाला, कठीण जमिनीवर काढलेली असते, म्हणजे पुराच्या लोंढ्याने पाळ फुटू नये.

परंतु सर्व तलावांत मला ज्याचे अतोनात आकर्षण आहे तो भाग म्हणजे तुडूम. पाळीच्या आतल्या अंगाला, पायरी-पायरीने पाण्यात उतरत गेलेली ही बांधणी असते. प्रत्येक पायरीला एक भोक, त्यात लाकडी गुडदी ठोकलेली, आणि आतून पाळीच्या पोटातून पलीकडे निघणारी नळी. पूर्वी ही नळी पोकळ केलेल्या झाडाच्या खोडाची असे. पाणी जसजसे उतरेल तसतशी वरची गुडदी सोडून खालची काढायची. म्हणजे वरच्या थराचे, तापलेले पाणी आधी शेतात जाते, दाब बेताचा राहतो, आणि कोणी उतावळेपणाने सगळा तलाव एकदम रिकामा करू शकत नाही. लोखंडी चाकाचे दरवाजे आले, सिमेंट आले. पण इतका संयम अंगी असलेली दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

एका वर्षी हस्ताचा पाऊस गेला आणि भात निसवण्याच्या बेताला आले असताना मी अशाच एका पाळीवर होतो. पाणकर, म्हणजे पाणी वाटून देण्यासाठी गावाने नेमलेला आणि त्याबद्दल धान्याच्या रूपाने मोबदला घेणारा इसम, वयाने सत्तरीकडे झुकलेला, धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरला. त्याने पायाच्या अंगठ्याने पायरी चाचपली, श्वास रोखून बुडी मारली आणि गुडदी हातात घेऊन वर आला. पाळीच्या पलीकडे क्षणभर काहीच झाले नाही. मग नळीच्या तोंडाशी गुरगुर झाली, आधी गढूळ, काडीकचऱ्याचे आणि नंतर निवळ पाणी पाटात धावू लागले. काठावर उभा असलेला त्याचा तरुण भाचा म्हणाला, "मामाजी, आणखी एक काढा ना, शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही." म्हातारा डोळ्यांवरचे पाणी निपटीत म्हणाला, "नाही रे बापा, ती खालची जनावरांची. चैत-वैशाखात त्यांना काय पाजशील?" भाचा पुन्हा बोलला नाही, त्याने फावडे उचलले आणि पाटातला गाळ ओढायला तो निघून गेला.

मालगुजारी पद्धत १९५० च्या कायद्याने रद्द झाली व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क संपून तलाव सरकारजमा झाले. ती पद्धत जाण्यातच न्याय होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही; परंतु तलावाची काळजी वाहणारी मामूल व्यवस्थाही तिच्याबरोबर ढिली पडली, उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकण्याची वहिवाट मागे पडली आणि अनेक ठिकाणी बेशरमाच्या झुडपांनी काठ गिळून टाकले, हेही डोळ्यांनी दिसते. काठ गेला की वाट जाते, आणि उथळ पाण्यातले मरळ, वागूर, बोटरी, दाडक हे गावठी मासेही जातात. त्यांच्यावर ज्या ढीवर कुटुंबांचे पोट आहे ती मग मजुरीला लागतात. नवेगावबांधच्या विशाल तलावाकाठी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून जी वर्षे काढली, त्यांतून मराठीला 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लाभले. बालाघाटकडच्या तलावांना असा भाष्यकार अद्याप मिळायचा आहे, आणि एखाद्या तरुण लेखकाने हे काम अंगावर घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तलावांच्या आणि वैनगंगेच्या काठाने चालणाऱ्याला सारस दिसण्याचा संभव असतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असा हा क्रौंच, जवळजवळ माणसाच्या उंचीचा, महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे आणि बालाघाट जिल्ह्याचा वैनगंगाकाठ हे त्याचेच सलग घर आहे. गोंदियाची 'सेवा' ही संस्था दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांच्या साहाय्याने त्याची गणना करीत आली आहे. पावसाळ्यात तो बांधीतच गवताकाड्यांचा ढीग रचून घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि नरमादी दोघेही सुमारे महिनाभर आळीपाळीने ती उबवतात. तेवढ्या जागेतले धान जाते, तरीही घरटे राखणारे शेतकरी या मुलखात आहेत. कार्तिकात जोडपे आपल्या पिलासह धुऱ्याधुऱ्याने फिरताना दिसले तर आपण जेथे आहोत तेथेच थांबावे. ते चालतात तेव्हा पाऊल उचलून, क्षणभर हवेत धरून, मग पुढे टाकतात. आणि आपल्याकडे पाहून नरमादीने मिळून जी साद घातली तिचा आवाज दोन गावांपलीकडे ऐकू जातो. त्याला जवळून पाहण्याचा हट्ट धरणाऱ्याने या वाटेला येऊच नये.

तिसरी वाट बरडाची. बांध्या संपल्या, गावचे आखर मागे पडले की मुरमाची, विरळ गवताची, मधूनमधून मोहा, तेंदू व पळस असलेली उंच-सखल पडीत जमीन लागते. दुपारी ती रूक्ष वाटते. परंतु तलावाचा येवा म्हणजे हेच बरड, या गवतावर पडलेला पाऊसच खाली पाळीशी जाऊन थांबतो, हे ध्यानी घेऊन ओघळांच्या बाजूने चालत गेले तर त्या ओसाडीतली रचना उमगू लागते. वाट चुकण्याची धास्ती येथे नाही. कोणताही ओघळ धरला की तो तलावाशी आणि तलावाची पाळ गावाशी आणून सोडते.

मोठी धरणे पाहू इच्छिणाऱ्यांसाठी बालाघाट-बैहर मार्गावरचा गांगुलपारा, वैनगंगेवरील इंग्रजी अमदानीतला ढुटीचा बंधारा आणि कटंगीच्या बाजूचा, दोन राज्यांनी मिळून उभारलेला बावनथडी नदीवरचा राजीव सागर ही नावे सांगून ठेवतो. तेथे गाडीने जावे लागते आणि पाणी अफाट आहे.

वाटेच्या हक्काविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये एके काळी लोकांनी तुरुंगवास पत्करला. तेथील डोंगरमाथ्यावरची माळराने शिकारीसाठी आणि शहरांना पाणी पुरविणाऱ्या जलाशयांच्या संरक्षणासाठी बंद ठेवलेली असत. २४ एप्रिल १९३२ रोजी हेफील्ड या गावातून निघून मँचेस्टरकडचे शेकडो कामगार तरुण किंडर स्काउटच्या माळावर उघडपणे चढून गेले, सहा जणांना पकडण्यात आले व त्यांतील पाच जणांना शिक्षा झाली. १९४९ च्या कायद्याने पायवाटा नकाशावर नोंदविण्यास आरंभ झाला आणि खुल्या माळावर फिरण्याचा हक्क पदरात पडायला २००० साल उजाडावे लागले. आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने कागदावर आली. 'वाजिब-उल-अर्ज' या गावच्या दस्तऐवजात शेताला पाणी नेण्याचा, वाटेचा आणि मासेमारीचा हक्क वहिवाटीप्रमाणे काय आहे हे लिहिलेले असते. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेतील २४२ वे कलम याच दस्तऐवजाचे आहे, आणि शेताकडे किंवा गावच्या पडीत व चराऊ जमिनीकडे जाणाऱ्या वाटेविषयी तंटा झाल्यास १३१ व्या कलमानुसार तहसीलदार पूर्वापार वहिवाट पाहून निर्णय देतो. विदर्भातही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज कायम राखले आहेत. पाणी आणि वाट यांचा हक्क एकाच कागदात, एकाच कलमाखाली यावा ही मला केवळ योगायोगाची गोष्ट वाटत नाही. ज्या मातीवरून पाट गेला तिच्याच खांद्यावरून वाट गेली, हे ती वहिवाट लिहून घेणाऱ्या कारकुनाला गावात उभे राहून दिसत होते.

हा हक्क गावकऱ्यांचा आहे, पाहुण्याचा नव्हे, म्हणून धुऱ्यावर पाय ठेवण्यापूर्वी शेतात जो कोणी असेल त्याला रामराम करून विचारावे. नकार मला क्वचितच मिळाला आहे, उलट "इकडून नका जाऊ बाबूजी, धुरा फुटला आहे, पाळीवरून जा" अशी काळजीच अधिक वेळा वाट्याला आली. अलीकडे काही ठिकाणी तारेची कुंपणे जुन्या वाटांवर आडवी येऊ लागली आहेत. ज्यांना या प्रश्नात रस आहे त्यांनी पटवाऱ्याकडे गावचा नकाशा पाहावा आणि त्यातल्या वाटा प्रत्यक्ष चालून तपासाव्यात. आज कोणती वाट नांदती आहे आणि कोणती कुंपणाआड गेली, याची टिपणे पुढे एखाद्या शेतकऱ्याच्या दाव्यात उपयोगी पडू शकतील.

कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला जाणाऱ्यांनी वारासिवनीहून सकाळी लवकर निघावे, मंदिरात दर्शन आटोपून ऊन तापण्यापूर्वी नदीची वाट करावी, बांध्यांची आणि तलावाची वाट तिसऱ्या प्रहरासाठी ठेवावी. अंगठा झाकणारे जोडे, काठी आणि पिण्याचे पाणी एवढे सामान पुरते. वळवाचा किंवा परतीचा पाऊस होऊन गेला असेल तर एक दिवस थांबावे, कारण ओल्या सिहारीवरून पाय घसरतो. भात कापून झाल्यावर रिकाम्या बांधीतून आडवे जाण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला कोणाची हरकतही नसते. परंतु कापणीपूर्वीच उभ्या धानात लाखोरी किंवा जवस फेकून पेरण्याची येथे रीत आहे आणि त्या पिकांचे कोवळे अंकुर धसकटांमध्ये लांबून दिसत नाहीत, तेव्हा वाकून जमीन पाहावी, आणि हिरवे दिसले तर धुराच धरावा.